पावसाआधी डिझेल फिल्टर बघ

भावा, मोटरहोमची, म्हणजे राहायची सोय असलेल्या गाडीची, बारीकसारीक कामं स्वतः करायची म्हणतोयस, जरूर कर. सुरुवात डिझेल फिल्टरपासून. त्याच्या तळाला साठलेलं पाणी बाहेर सोडायचा स्क्रू असतो. खाली पारदर्शक बाटली धरून हळूच सैल कर. पाणी जड, म्हणून ते आधी येतं. स्वच्छ डिझेल आलं की आवळ. फिल्टर बदललास तर डिझेल ओढायचा छोटा हातपंप कडक होईस्तोवर दाबून हवा काढ, नाहीतर सेल्फ मारून बॅटरी उतरेल. टायरची नक्षी चांगली असली तरी कडेचे आकडे वाच: ३५२२ म्हणजे २०२२चा ३५वा आठवडा. उभ्या गाडीचंही रबर वयानं जातं. ब्रेकचं काम मात्र कोल्हापूरच्या उद्यमनगरातल्या जाणत्या मिस्त्रीलाच दे. गगनबावड्याहून करूळ घाट उतरताना पाण्याच्या टाकीसकट सगळं वजन ब्रेकवर येतं, तेव्हा गिअरही खालचाच ठेव.