विचारा की! – जमिनीत पुरलेली वाइन

प्रश्न : भाचा जॉर्जियात तिबिलिसीला एमबीबीएस करतोय. सुट्टीत वाइनची बाटली घेऊन आला, रंग कोऱ्या चहासारखा, वर लिहिलंय ८००० वर्षांची परंपरा. दुकानात बरीच महाग, पण त्याचा घरमालक घरची वाइन प्लास्टिकच्या बाटलीत फुकट भरून देतो म्हणे. जागतिकीकरणाने परंपरा टिकतेय की विकली जातेय? – एक मामा, सांगली

उत्तर : मामा, ८००० चा आकडा काही हवेतला नाही, जॉर्जियातल्या जुन्या वस्त्यांच्या खापरांत तेवढ्या जुन्या वाइनचे अंश सापडलेत, २०१७ ला त्यावर शोधनिबंध आला. तुमच्या बाटलीतली बहुतेक क्वेव्हरीतली असणार. क्वेव्हरी म्हणजे आपला रांजणच समजा, बुडाला निमुळता, आतून मेणाचा हात दिलेला आणि गळ्यापर्यंत जमिनीत पुरलेला. काखेती भागात रस, साली, बिया, कधी देठंसुद्धा सगळं एकदम त्यात ओततात, आंबताना चोथा वर येतो तो काठीने खाली ढकलत राहायचा आणि मग तोंड बंद करून पाच-सहा महिने तिकडे बघायचं नाही. जमिनीचाच गारवा, फ्रीजबिज लागत नाही. द्राक्षं पांढरी असून रंग चहासारखा येतो तो सालींमुळे, तुरटपणाही त्यांचाच.

आता गंमत बघा, या पद्धतीला मोठा दणका जगाच्या बाजाराने नाही, सोव्हिएत कारखान्यांनी दिला. द्राक्षाच्या देशी जाती ५०० च्या वर, पण कारखान्याला नुसता माल हवा म्हणून दोन-चार जातींवरच जोर, रांजण राहिले लोकांच्या घरी. १९८५ ला गोर्बाचेव्हच्या दारूविरोधी मोहिमेत मळे उपटले ते वेगळंच. मग २००६ ला रशियाने जॉर्जियाची वाइन बंद केली, आणि बहुतेक निर्यात तिकडेच जायची, तेव्हा बागायतदाराचं काय झालं असेल हे सांगलीकराला मी काय सांगू! नवीन गिऱ्हाईक शोधणं आलंच. तोवर इटलीतल्या योश्को ग्राव्हनरने २००१ पासून क्वेव्हरीत वाइन करायला घेतली होती, त्यामुळे पश्चिमेत थोडी हवा झालेलीच होती, २०१३ ला युनेस्कोच्या वारसा यादीतही या पद्धतीचं नाव लागलं. त्याच वर्षी रशियाचं दार परत उघडलं आणि आज सगळ्यात मोठं गिऱ्हाईक पुन्हा तेच, हे जरा काळजीचंच.

तर हो, विकली जातेय, आणि मला त्यात वाईट वाटत नाही. रांजण घडवणारी घरं मोजकीच उरलीत, मातीच्या वळ्या एकावर एक चढवायच्या, थर सुकेपर्यंत थांबायचं, एकेका रांजणाला कित्येक आठवडे जातात, गिऱ्हाईक नसतं तर पोरांनी हे कशाला शिकलं असतं? खटकतं ते वेगळंच. देशातली बहुतेक वाइन आज स्टीलच्या टाकीत होते, जाहिरातीत मात्र रांजण. शिवाय बाहेरच्या दुकानदाराला दरवर्षी सारखी चव लागते, आणि घरमालकाची वाइन एक साल अमृत तर दुसऱ्या साली व्हिनेगर. भाच्याला म्हणावं रांजण कशाने धुता विचार, चेरीच्या सालीचा घासणा दाखवला तर खुशाल पी.

प्रश्न : ऑरेंज वाइन म्हणजे आमच्या संत्र्यांची का? – एक वाचक, नागपूर

उत्तर : नाही हो! वरच्या उत्तरातलीच ती, फक्त रंगावरून नाव पडलंय. जॉर्जियावाले तर तिला अंबर वाइन म्हणतात.

प्रश्न : मग नाशिकला असं जुनं काही का नाही? – एक वाचक, सिन्नर

उत्तर : कारण नाशिकची वाइन जन्मलीच जागतिकीकरणात. शेनिन ब्लाँ, शिराझ या द्राक्षाच्या जातीच मुळात फ्रान्सच्या, बिघडायला जुनं होतं काय? जुनं बघायचंच तर गोव्याची काजू फेणी बघा, वाइन नव्हे ती, पण तिथंही भट्टीवरचं मातीचं भांडं जाऊन तांब्याचं आलं, आणि २००९ ला जीआय म्हणजे भौगोलिक मानांकनही मिळालं.