असईच्या हत्तीचा ब्रिटिश बिल्ला 1803 चा आहे का? खरा-नकली कसा ओळखायचा?

तुमचा प्रश्न असा: जुन्या वस्तू विकणाऱ्या एकाकडे पांढऱ्या धातूचा, ताऱ्याच्या आकाराचा टोपीवरचा बिल्ला दिसला. मधे बिगुल, वर मुकुट, खाली 'असाये' लिहिलेली पट्टी आणि हत्ती. विक्रेता म्हणतो, असईच्या लढाईत मेलेल्या गोऱ्या शिपायाचा आहे. घ्यावा का?

1803 चा तो असूच शकत नाही. बिगुलाच्या वेटोळ्यात एच, एल, आय ही अक्षरं एकमेकांत गुंफलेली दिसतील. ती हायलँड लाइट इन्फन्ट्री या ब्रिटिश सैन्यातल्या स्कॉटिश पलटणीची, आणि त्या नावाखाली 71 वी आणि 74 वी पलटण एकत्र आल्या त्या 1881 मध्ये. असईला लढली ती यातली 74 वी. 23 सप्टेंबर 1803 ला, आजच्या जालना जिल्ह्यात, ब्रिटिश सेनापती आर्थर वेलस्लीची फौज शिंदे-भोसल्यांच्या फौजेवर चालून गेली, तेव्हा मराठ्यांच्या तोफांच्या माऱ्यात ही पलटण अक्षरशः भाजून निघाली. त्या लढाईचा मान म्हणून तिला हत्ती मिळाला आणि पुढे तो नव्या पलटणीच्या बिल्ल्यावर आला. 1959 मध्ये हायलँड लाइट इन्फन्ट्री आणि रॉयल स्कॉट्स फ्युझिलिअर्स एकत्र करून रॉयल हायलँड फ्युझिलिअर्स ही नवी पलटण झाली. तेव्हा बिल्ला अस्सल असलाच, तर या दोन सालांमधला.

आता अस्सल आहे का ते. मी बिल्ला हातात आला की आधी पालथा करतो. हे बिल्ले धातूच्या पत्र्यावर पोलादी ठशाने छापून काढत. त्यामुळे पुढे जिथे उठाव, तिथे मागे खळगा. हत्तीची पाठ मागून पोकळ दिसायला हवी. मागची बाजू सपाट, जाड आणि बारीक खड्ड्यांनी भरलेली असेल तर तो साच्यात ओतलेला आहे. खऱ्या बिल्ल्याचाच साचा घेऊन ओतलेली नक्कल थोडी लहानही भरते, कारण धातू थंड होताना आकसतो. म्हणून व्हर्नियर कॅलिपरने (बारीक माप घ्यायच्या पट्टीने) रुंदी मोजा आणि खात्रीच्या नगाशी ताडून बघा. भिंगातून अक्षरांच्या कडा पाहा. छापलेल्या अक्षराची कड धारदार असते, ओतलेल्याची साबण वापरून झिजावा तशी.

मग मागच्या कड्या. स्कॉटिश पलटणींच्या ग्लेनगॅरी या होडीसारख्या घडीच्या टोपीवरच्या बिल्ल्यांना बहुतेक तारेच्या कड्या असतात. इतर अनेक पलटणींच्या बिल्ल्यांना टोपीत खोचायची उभी पट्टी असते. कडीच्या बुडाशी सोल्डरचा चकचकीत ढीग असेल आणि भोवतालचा धातू मात्र काळवंडलेला, तर कडी नंतर लावलेली आहे. दुरुस्तीही असू शकते, पण किंमत मग तशीच द्यायची. झीज कुठे आहे तेही बघा. शिपाई बिल्ला रोज घासून लख्ख करत, त्यामुळे हत्तीची पाठ आणि अक्षरांचे माथे गुळगुळीत होतात, खाचांत मात्र काळपट मळ राहतो. पुढून-मागून सारखाच काळा असेल तर अॅसिड लावून मुद्दाम जुना दाखवलाय असं समजा. लोहचुंबकाला चिकटला तर तिथेच परत द्या.

मागे बर्मिंगहॅमच्या गाँट कंपनीचं नाव असलं की लोक निर्धास्त होतात. होऊ नका. जुन्या ठशांवरून नंतर पुन्हा बिल्ले छापले गेले आणि तसं नाव असलेल्या पट्ट्या नकलांवरही सापडतात. उलट पहिल्या महायुद्धातल्या कित्येक अस्सल बिल्ल्यांवर कोणाचंच नाव नसतं.

मुकुट हा इतर बिल्ल्यांच्या बाबतीत फार कामाचा. 1901 नंतर राजांच्या काळातल्या मुकुटाच्या कमानी घुमटासारख्या वर जातात. दुसऱ्या एलिझाबेथ राणीच्या काळातल्या मुकुटाच्या कमानी मधोमध खाली दबतात. मशीन गन कोअर ही ब्रिटिश सैन्याची मशीनगन चालवणारी तुकडी 1915 मध्ये उभी राहिली आणि 1922 मध्ये मोडली, तेव्हा तिच्या बिल्ल्यावर राणीचा दबका मुकुट दिसला की पुढे बघायचंही कारण नाही. मुकुट नसेल तिथे धातू बघा. लेस्टरशायर रेजिमेंट या ब्रिटिश पलटणीचा वाघ घ्या, वर 'हिंदुस्तान' पट्टी असलेला. वाघ पितळी, पट्ट्या पांढऱ्या धातूच्या, वेगळ्या करून जोडलेल्या. नुसता पांढरा मुलामा दिलेल्या पट्ट्या मला संशयास्पद वाटतात. पण पूर्ण पितळी नग नकली म्हणून टाकू नका, कारण 1916 मध्ये धातू आणि मेहनत वाचवायला तसे एकाच धातूचे बिल्ले काढले होते. 'रॉयल' हा शब्द मात्र त्या पलटणीच्या नावात 1946 ला आला, म्हणून तो लिहिलेला नग त्याआधीचा नाही.

एक गोष्ट इंग्लंडात बसून लिहिणाऱ्यांपेक्षा आपल्याला जास्त लक्षात ठेवायला हवी. गोऱ्या पलटणी वर्षानुवर्षं हिंदुस्थानात असायच्या आणि हरवलेले बिल्ले इथल्या बाजारातल्या कारागिरांकडून करून घेतले जात. ते बरेचदा ओतीव, अक्षरं ओबडधोबड, तरी शिपायाने खरोखर टोपीवर लावलेले. मला ते फार मोलाचे वाटतात. पण असा नग निव्वळ रूपावरून सिद्ध होत नाही. सोबत त्या घरातली पत्रं, फोटो, काहीतरी धागा लागतो.

तुम्ही दिलेल्या फोटोत पुढचीच बाजू आहे. मागची बाजू, कड्यांची बुडं आणि बाजूची कड असे तीन फोटो दिवसाच्या उजेडात काढा. लंडनच्या नॅशनल आर्मी म्युझियमचा संग्रह ऑनलाइन पाहता येतो, तिथल्या चित्रांशी हत्ती आणि अक्षरांची ठेवण जुळवा. विक्रेत्याला पावतीवर 'हायलँड लाइट इन्फन्ट्री, 1881 ते 1959' एवढं लिहून द्यायला सांगा. तो 1803 वर अडून बसला आणि दामही त्याच हिशोबाने सांगू लागला, तर घेऊ नका. हाच बिल्ला दुसरीकडे मिळेल.