गाडी उंच करताना: वाचकांचे प्रश्न

पावसाळा तोंडावर आला की मुरबाड, जव्हार, कर्जतच्या चिखलवाटांचे बेत ठरतात आणि गाडी उंच करण्याबद्दलची, म्हणजे ‘लिफ्ट’बद्दलची पत्रं वाढतात. बहुतेकांचं बजेट बेताचंच असतं. त्यांपैकी काही प्रश्न या अंकात घेतले आहेत.

माझ्याकडे जिमनी आहे. आठवडाभर ऑफिस, पावसाळ्यात अधूनमधून मुरबाडकडच्या कच्च्या वाटा. गॅरेजवाले म्हणतात, ५० मिमीचे स्पेसर टाका, स्वस्तात काम होईल. टाकू का? – एक वाचक, पवई

एकदम ५० मिमीचे स्पेसर टाकू नका. आधी गाडी नेमकी कुठे अडते ते बघा. जिमनीला पुढे आणि मागे अखंड अ‍ॅक्सल आहे. दोन चाकोऱ्यांमधल्या दगडाला सगळ्यांत आधी टेकतो तो अ‍ॅक्सलवरचा डिफरन्शियलचा गोळा, म्हणजे दोन्ही चाकांना ताकद वाटून देणाऱ्या गिअरचं घर. सस्पेन्शन कितीही उचललं तरी हा गोळा जमिनीपासून होता तेवढाच राहतो. वर जाते ती चॅसी, बंपर आणि गाडीचं पोट. गोळा वर न्यायचा तर टायर मोठा लागतो, दुसरा मार्ग नाही.

कंपनीच्या १९५/८० आर१५ टायरचा व्यास साधारण ६९३ मिमी आहे. २१५/७५ आर१५ चा ७०४ मिमी, म्हणजे गोळा जेमतेम ५ मिमी वर जातो. पण ऑल-टेरेन नक्षीचा घेतलात तर चिखलातली पकड लगेच सुधारते, आणि तो लिफ्टशिवाय बसतो. तुमच्या वापराला पहिला खर्च हाच करावा. २३५/७५ आर१५ चा व्यास ७३४ मिमी, गोळा २० मिमी वर. तो मात्र स्टिअरिंग पूर्ण वळवल्यावर आणि चाक आत दबल्यावर घासतो, त्यामुळे त्याला लिफ्ट लागते. स्पीडोमीटरही फसवतो: काटा ८० वर असताना गाडी पूर्वीपेक्षा साडेचार किलोमीटर जास्त वेगाने धावत असते.

आता स्पेसर. तो स्प्रिंगच्या बैठकीत बसतो आणि गाडी तेवढी वर उचलतो. शॉक अ‍ॅब्झॉर्बर मात्र जुन्याच लांबीचा राहतो. चाक खड्ड्यात उतरताना शॉक आधीच पूर्ण ताणला जातो आणि प्रत्येक खड्ड्याला ठक्क असा आवाज येतो. थोड्याच दिवसांत सील फुटून तेल गळू लागतं. दुसरी अडचण दबतानाची. स्पेसरने बैठक जाड होते, त्यामुळे बंप स्टॉप (चाक फार आत येऊ न देणारा रबरी ठोकळा) टेकण्याआधीच स्प्रिंगचे वेढे एकमेकांवर बसू शकतात. म्हणून बंप स्टॉपही तेवढाच लांब करावा लागतो. २०-२५ मिमीचा स्पेसर मूळ शॉकवर निभावतो. त्यापुढे जायचं असेल तर सुमारे ४० मिमी लिफ्टच्या स्प्रिंग, त्यांना जुळणारे लांब शॉक आणि कॅस्टर (स्टिअरिंगच्या आसाचा मागे कल) दुरुस्त करणारे रबरी बुश हा संच एकत्रच घ्यावा.

कॅस्टरचं कारण असं: पुढचा अ‍ॅक्सल ज्या आर्मवर आहे त्यांचं मागचं टोक चॅसीला असतं. चॅसी वर गेली की अ‍ॅक्सल पुढच्या बाजूला कलतो आणि कॅस्टर कमी होतो. मग वळणानंतर स्टिअरिंग आपसूक सरळ होत नाही, आणि फ्लायओव्हरच्या जोडावरून जाताना पुढची चाकं थरथरू शकतात. हा थरकाप हायवेच्या वेगात फार धोक्याचा आहे. बुश परवडत नसतील तर ४० मिमीचा विचारच सोडा, २० वर थांबा.

स्प्रिंग निवडताना गाडीत रोज खरोखर किती वजन असतं ते सांगा. विंच आणि भरलेल्या कॅरिअरसाठीच्या कडक स्प्रिंग रिकाम्या गाडीला घातल्या तर चाक जमीन सोडतं, पकड जाते आणि कंबरही दुखते.

स्प्रिंग आणि शॉक स्वतः बसवता येतील का? हत्यारं आहेत, हाताखाली एक मित्रही आहे. – एक वाचक, डोंबिवली

येतील, पण सोसायटीच्या उतारावर करू नका. सपाट काँक्रीट हवं. दोन ट्रॉली जॅक, चॅसीखाली लावायला भक्कम घोड्या, टॉर्क रेंच आणि गाडीचं वर्कशॉप मॅन्युअल एवढं जमवा. किती टॉर्कने आवळायचं ते मॅन्युअलमधूनच घ्या.

मुंबईच्या खाऱ्या दमट हवेत शॉकचे खालचे बोल्ट आणि पॅनहार्ड रॉडचे (चाकांची जोडी आडवी सरकू न देणाऱ्या दांड्याचे) बोल्ट हमखास जाम होतात. आदल्या संध्याकाळी गंज सोडवणारं तेल मारा, सकाळी पुन्हा मारा. लांब पाइप लावून जोर केला की बोल्ट तुटतो आणि बुशच्या आतली नळी फिरू लागते. मग एका बोल्टपायी अख्खा दिवस जातो.

सुरू करण्याआधी चारही चाकांच्या मध्यापासून मडगार्डच्या कडेपर्यंतचं अंतर मोजून लिहून ठेवा. लिफ्ट खरंच किती झाली ते यावरूनच कळेल.

चाकांना ओंडके लावा, चॅसी घोड्यांवर घ्या, चाकं काढा आणि अ‍ॅक्सलखाली जॅक ठेवा. अ‍ॅक्सल उतरवण्याआधी ब्रेक होजची क्लिप, एबीएसच्या वायरची पकड आणि अ‍ॅक्सलची ब्रीदर नळी सोडा. हे राहून गेलं तर अ‍ॅक्सलचं सगळं वजन ब्रेकच्या नळीवर येतं. मग अँटिरोल बारच्या (वळणावर गाडी झुकू न देणाऱ्या दांड्याच्या) लिंक आणि दोन्ही बाजूंचे शॉक एकदमच सोडा. एकाच बाजूचा सोडलात तर अ‍ॅक्सल पुरेसा खाली येणार नाही. मित्राला नळीवर नजर ठेवायला सांगा आणि जॅक हळूहळू उतरवा. स्प्रिंग हाताने निघते, कॉम्प्रेसर लागत नाही.

नवी स्प्रिंग बसवताना वरची रबरी गादी विसरू नका आणि तारेचं टोक बैठकीच्या खाचेत बसलंय याची खात्री करा. अ‍ॅक्सल वर घ्या, शॉकचे बोल्ट घाला, पण रबरी बुशमधून जाणारे बोल्ट हातानेच आवळून सोडा. चाकं लावून गाडी जमिनीवर उतरवा, दोन-चार हात पुढे-मागे ढकला आणि मगच ते शेवटचे आवळा. हवेत लटकलेल्या अवस्थेत आवळलेला बुश गाडी खाली आली की कायम पिळलेला राहतो आणि लवकर फाटतो. घरी केलेल्या कामांत ही चूक सगळ्यांत जास्त दिसते.

गाडी उचलल्यावर पॅनहार्ड रॉड तिरका होतो आणि अ‍ॅक्सलला काही मिलिमीटर बाजूला ओढतो. ४० मिमीपर्यंत हा सरक सहसा चालतो. त्याहून जास्त लिफ्टला लांबी बदलता येणारा रॉड लागतो. स्टिअरिंगचं चाक वाकडं झालं तर ते ड्रॅग लिंकच्या (स्टिअरिंगपासून चाकाकडे जाणाऱ्या दांड्याच्या) लांबीने सरळ करा. स्टिअरिंग काढून दुसऱ्या दात्यावर बसवू नका, कारण ईएसपी, म्हणजे गाडी घसरू न देणारी इलेक्ट्रॉनिक यंत्रणा, स्टिअरिंगचा कोन वाचत असतो.

शेवटी स्टिअरिंग दोन्ही बाजूंना पूर्ण वळवून आणि एकेक चाक लटकवून ब्रेक होज आणि वायर कुठे ताणली जात नाही ना ते पाहा. अलाइनमेंट करा, हेडलाइटचा झोत खाली घ्या. १०० किलोमीटरनंतर आणि पुन्हा ५०० नंतर सगळे बोल्ट टॉर्क रेंचने तपासा.

जिप्सीला चारही ठिकाणी दोन इंच लांब शॅकल लावले. गाडी एकच इंच उंच झाली आणि आता ८० च्या वर रस्ता सोडते. – एक वाचक, वसई

एक इंच बरोबर आहे. शॅकल म्हणजे पाट्याचं (लीफ स्प्रिंगचं) टोक चॅसीला जोडणारी झुलती कडी. ती लांब केली की पाट्याचं एक टोक खाली जातं, दुसरं जागेवरच राहतं, म्हणून मधोमध असलेल्या अ‍ॅक्सलपाशी निम्मीच उंची मिळते.

रस्ता सोडण्याचं मूळ पुढच्या शॅकलमध्ये आहे. जिप्सीच्या पुढच्या पाट्यांचा शॅकल पुढच्या टोकाला असतो. ते टोक खाली गेलं की अ‍ॅक्सल पुढे झुकतो आणि कॅस्टर घटतो. पुढे मूळ लांबीचे शॅकल परत लावा, आणि उंची पाट्यांमधूनच मिळवा: एक जादा पाता घाला, किंवा पाट्यांना नव्याने कमान द्या. नुसते ठोकून वाकवलेले पाटे काही महिन्यांत परत बसतात. तापवून, पाणी देऊन कमान देणाऱ्या पाटेवाल्याकडेच जा. लांब शॅकल ठेवायचेच असतील तर पाटा आणि अ‍ॅक्सल यांच्यामध्ये पाचरीची पट्टी घालून कोन परत आणावा लागेल. तिची दिशा चुकली तर आहे तोही कॅस्टर जाईल, त्यामुळे बसवल्यावर कॅस्टर मोजून घ्याच.

पाटे उघडले की यू-बोल्ट नवे घ्या. एकदा ताणून आवळलेला यू-बोल्ट पुन्हा तेवढी पकड देत नाही. चारही नट आलटून पालटून, समोरासमोर आवळा. पाटे अ‍ॅक्सलच्या वर घेण्याचा सल्ला कुणी दिला तर सध्या नको म्हणा: त्यात वेल्डिंग, स्टिअरिंगची लिंक आणि प्रॉपेलर शाफ्टचा कोन असं सगळंच बदलावं लागतं, बजेटमध्ये ते नीट होत नाही.

नव्या थारच्या पुढच्या स्ट्रटवर ५० मिमीचा पक बसवून घेतला. समोरचा भाग खूपच उंच झाला आणि महिनाभरात अ‍ॅक्सलचं रबर फाटून ग्रीस बाहेर आलं. – एक वाचक, ठाणे

तुमच्या थारला पुढे स्वतंत्र सस्पेन्शन आहे. स्ट्रटचं, म्हणजे स्प्रिंग-शॉकच्या जोडीचं, खालचं टोक खालच्या आर्मच्या अधेमध्ये असतं, चाक मात्र आर्मच्या टोकाला. त्यामुळे पक, म्हणजे स्ट्रटवरची चकती, जेवढा जाड, त्याच्या दीडपट ते दुप्पट चाक खाली जातं. ५० मिमीचा पक म्हणजे चाकापाशी तीन-चार इंच! त्या कोनात चाक फिरवणाऱ्या शाफ्टचा सीव्ही जॉइंट फिरत राहिला, रबरी बूटच्या घड्या एकमेकींवर घासल्या आणि बूट फाटला. बॉल जॉइंटही त्याच ताणाखाली आहे.

पक काढा. बूट आणि ग्रीस बदला. ग्रीसमध्ये माती शिरली असेल आणि पूर्ण वळणावर कटकट आवाज येत असेल तर जॉइंटही गेला समजा. पुन्हा लिफ्ट करायचीच असेल तर २०-२५ मिमीच्या पकपुढे जाऊ नका. त्यातच चाकापाशी सव्वा ते दोन इंच मिळतात. नंतर कॅम्बर (चाकाचा आत-बाहेर कल) आणि टो (चाकांची पुढची बाजू आत-बाहेर असणं) दोन्हींचं अलाइनमेंट करून घ्या.

लिफ्ट कायदेशीर आहे का? – एक वाचक, अंधेरी

मोटार वाहन कायदा १९८८ च्या कलम ५२ नुसार नोंदणी पुस्तिकेतला तपशील उत्पादकाने दिलेल्या मूळ तपशिलापेक्षा वेगळा होईल असा बदल करता येत नाही. सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये हेच ठामपणे सांगितलं. २०१९ च्या दुरुस्तीनंतर कायद्यात न बसणाऱ्या प्रत्येक बदलाला मालकास ५,००० रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही होऊ शकतं. विमा कंपनीला बदल कळवला नसेल तर अपघातानंतरचा दावा अडकू शकतो, आणि सस्पेन्शनच्या वॉरंटीवरही परिणाम होतो. म्हणून काम करण्याआधी आरटीओत विचारा, विमा कंपनीला लेखी कळवा आणि मूळ स्प्रिंग, शॉक, टायर जपून ठेवा. पंधरा वर्षं झालेल्या जिप्सींना नोंदणीच्या नूतनीकरणाआधीच्या तपासणीत ते लागतात.

आमच्या इमारतीत स्टॅक पार्किंग आहे. लिफ्टनंतर जिमनी बसेल का? – एक वाचक, दादर

जिमनीची मूळ उंची १७२० मिमी. ४० मिमी लिफ्ट आणि २३५/७५ टायरचे २० मिमी धरून १७८० होते. थार मुळातच साधारण १.८५ मीटर आहे. कॅरिअर आणि अँटेनासकट स्वतः मोजा, पार्किंगच्या पाटीवरच्या मर्यादेपेक्षा किमान ५० मिमी कमी ठेवा, आणि त्याच पाटीवरची वजनाची मर्यादाही वाचा. मोजमाप किट विकत घेण्याआधी करा.