गणिताची शिकवणी लावायची, पण कोणाची?

या वेळी आलेल्या पत्रांत निम्म्याहून जास्त पत्रं गणिताच्या ट्युशनबद्दल आहेत. त्यातली चार घेतली. पहिल्या पत्राचं उत्तर बरंच लांबलंय, पण तोच प्रश्न कितीतरी घरांत असणार म्हणून ते तसंच ठेवते.

प्रश्न : नमस्कार मॅडम, माझा मुलगा नववीत आहे, मराठी माध्यम. सातवीपर्यंत बरा होता, आता गणितात ४० पैकी ९ नाहीतर ११ असे मार्क पडतात. गेल्या वर्षी इथल्या एका मोठ्या क्लासला घातलं होतं, बॅचमध्ये ६० मुलं, वर्षाची फी आधीच भरून घेतली आणि तो वर्षभर मागच्या बाकावर बसून फळ्यावरचं उतरवून आला. वह्या भरल्यात पण एक गणित स्वतःचं स्वतः सुटत नाही. आता एकट्याला शिकवणारं कुणीतरी बघावं म्हणतोय, पण चांगला शिक्षक ओळखायचा कसा? आणि नववीत येऊन आता खरंच काही होईल का?
— एक आई, सांगली

उत्तर : ताई, होईल. नववी म्हणजे उशीर झाला असं अजिबात नाही, हे आधी सांगते कारण तुमच्या पत्रात सगळ्यात जास्त काळजी त्याचीच दिसली. पण शिक्षक शोधायच्या आधी एक काम घरीच करा. त्याच्या टेस्टचे पेपर घ्या, चुकलेलं एकेक गणित त्याला परत सोडवायला सांगा आणि तोंडाने बोलत बोलत सोडव म्हणा. तुम्हाला नववीचं गणित येत नसलं तरी काही बिघडत नाही, तो कुठल्या ओळीला अडखळतो तेवढं फक्त लिहून ठेवा.

माझ्याकडे मागे एक मुलगा यायचा, तुमच्या मुलाएवढाच. बहुपदींची वजाबाकी दरवेळी चुकायची. आधीच्या शिक्षकांनी त्याच्याकडून त्याच प्रकारची ढीगभर उदाहरणं करून घेतली होती, तरी चुकायचीच. मी म्हटलं, मोठ्याने बोल, मला ऐकू दे. तर वजा तीन एक्स वजा पाच एक्स इथवर आला आणि पटकन म्हणाला, "मायनस मायनस प्लस, म्हणजे आठ एक्स." सापडलं! हा नियम गुणाकाराचा, सातवीत येतो, आणि सहावीत शिकलेल्या बेरजेवर त्याने तोच चिकटवून टाकलेला, दोन वर्षं तो असाच चुकत होता आणि प्रत्येक धड्यात त्याचे मार्क तिथेच जात होते. मी विचारलं, वाण्याकडे तुझी तीन रुपये उधारी आहे, आज अजून पाचची केलीस, किती झाली? "आठ." मग वाणी तुला आठ रुपये देणार का? थोडा वेळ गप्प बसला, वहीकडे बघितलं आणि स्वतःच खोडून आठच्या आधी वजाचं चिन्ह लिहिलं. नंतरच्या दोन आठवड्यांत आम्ही नववीचं पुस्तक उघडलंसुद्धा नाही, फक्त पूर्णांक संख्या आणि अपूर्णांक केले, कारण तीन छेद चार अधिक एक छेद पाच याचं उत्तरही तो चार छेद नऊ असंच लिहायचा. त्याच्या आईला वाटायचं अभ्यासक्रम मागे पडतोय, रोज फोन यायचा. पण तो मागे सहावीतच पडला होता, नववीत फक्त ते दिसायला लागलं.

एकट्याच्या शिकवणीतून मिळतं ते हेच, कुणीतरी शेजारी बसून मूल विचार कसा करतंय ते ऐकतं. ६० मुलांच्या बॅचमध्ये सर कितीही हुशार असले तरी हे जमणारच नाही. बेंजामिन ब्लूम नावाच्या अमेरिकन शिक्षणतज्ज्ञांनी १९८४ मध्ये लिहिलं होतं की एकट्याने शिकवणी मिळालेलं सर्वसाधारण मूल हे वर्गात शिकणाऱ्या १०० पैकी ९८ मुलांच्या पुढे जाऊ शकतं. नंतरच्या अभ्यासांत फरक इतका मोठा दिसला नाही, त्यामुळे कुणी असला आकडा दाखवून फी सांगत असेल तर भुलू नका. पण त्या प्रयोगांतली एक गोष्ट मला फार महत्त्वाची वाटते, एक भाग नीट येईपर्यंत मुलाला पुढच्या भागावर न्यायचंच नाही अशी पद्धत त्यात होती. तुमच्या मुलाला हेच हवंय.

आता शिक्षक शोधायचा कसा. पहिली चौकशी त्याच्या शाळेतल्या गणिताच्या शिक्षकांकडेच करा, बाहेर चांगलं कोण शिकवतं हे त्यांना बहुतेक वेळा माहीत असतं. मग आजूबाजूला विचारा, पण ९५ मार्कवाल्याच्या आईला विचारू नका, ३० वरून ६० वर गेलेलं मूल शोधा आणि ते कोणाकडे जायचं ते विचारा. निवृत्त शिक्षक, घरी असलेल्या गणितात बीएस्सी एमएस्सी झालेल्या बायका, कॉलेजची मुलं, यांच्यात फार चांगले लोक मिळतात आणि त्यांच्या पाट्या कुठे लागलेल्या नसतात.

डेमो मागाच, आणि तेव्हा तुम्ही कोपऱ्यात बसा. मी तर फक्त पेन्सिल कोणाच्या हातात आहे ते बघते. तासभर शिक्षकच सोडवतायत, छान समजावतायत आणि मुलगा मान डोलावतोय, असं असेल तर कितीही सुंदर वाटलं तरी घरी आल्यावर त्याला काही येणार नाही. मुलगा चुकल्यावर शिक्षक लगेच बरोबर उत्तर सांगतात की "हे कसं आलं, सांग बघू" असं विचारतात, याकडे लक्ष द्या. मुलाने "समजलं नाही" म्हटल्यावर तेच वाक्य जास्त मोठ्या आवाजात आलं तर सरळ दुसरीकडे बघा.

फी महिन्याची द्या, वर्षाची एकदम नको, या वेळी तर नकोच. आठवड्यातून दोन-तीन दिवस एकेक तास पुरतो, मधल्या दिवसांत त्याने स्वतः रोज चार-पाच गणितं सोडवली पाहिजेत, ते सोडलं तर शिकवणीचा काही उपयोग नाही. आणि पहिल्या महिन्यात मार्कांचं नावच काढू नका. आधी वही बदलते, पायऱ्या दिसायला लागतात, खाडाखोड वाढते (खाडाखोड ही चांगली खूण आहे, तो स्वतःची चूक स्वतः पकडतोय), मग एखाद्या दिवशी स्वतःहून म्हणतो की हे मला करून बघू दे. मार्क त्याच्या मागून येतात, दोन-तीन महिने तरी धरून चला.

प्रश्न : मुलीच्या शाळेतलेच गणिताचे शिक्षक संध्याकाळी घरी ट्युशन घेतात आणि "लावलीत तर बरं" असं सुचवतात. नाही लावली तर मुलीला त्रास होईल का अशी धाकधूक वाटते.
— एक पालक, नाशिक

उत्तर : लावू नका. शिक्षण हक्क कायदा २००९, त्याच्या कलम २८ मध्ये स्पष्ट लिहिलंय की कुठल्याही शिक्षकाने खासगी शिकवणी करायची नाही. भांडायला जायची गरज नाही, "घरीच बघतोय सध्या" एवढं सांगा. मुलीला वर्गात खरंच वेगळी वागणूक मिळायला लागली तर तारीख टाकून लिहून ठेवा आणि मुख्याध्यापकांना लेखी द्या, तोंडी नको.

प्रश्न : बाई, मी दहावीत आहे. बाबांची रिक्षा आहे, क्लास परवडत नाही आणि मी मागणारही नाही. बीजगणित बरं जातं पण भूमितीची प्रमेयं पाठच होत नाहीत. ट्युशनशिवाय मला काहीच जमणार नाही असं मैत्रिणी म्हणतात.
— एक विद्यार्थिनी, चिपळूण

उत्तर : अगं, ज्या मुलीला बीजगणित स्वतःचं स्वतः येतंय तिला ट्युशनशिवाय जमत नाही असं कसं म्हणायचं! भूमितीचा पेपरही बीजगणितासारखाच, ४० मार्क आणि २ तास, आणि प्रमेयं पाठ करायची नसतात म्हणूनच ती तुझ्या लक्षात राहत नाहीयेत. असं कर. पायथागोरसचं प्रमेय घे, पुस्तकातली सिद्धता एका कागदावर मोठ्या अक्षरात उतरव, एकेक ओळ कातरीने कापून वेगळी चिठ्ठी कर, कारणं पण वेगळी काप. सगळ्या चिठ्ठ्या मिसळ. आता आकृती काढ, पक्ष आणि साध्य वर लिही आणि चिठ्ठ्या क्रमाने लावायचा प्रयत्न कर. काटकोनातून कर्णावर लंब का टाकला हे ज्या क्षणी कळेल (दोन छोटे त्रिकोण मिळतात आणि दोन्ही मोठ्याशी समरूप असतात, सगळी सिद्धता त्यावरच उभी आहे) त्यानंतर पाठ करायला काही उरतच नाही बघ.

शिवाय एक मैत्रीण पकड जिला बीजगणित जड जातं, तू तिला ते शिकव, तिने तुला भूमितीचे प्रश्न विचारायचे. शिकवताना आपल्याला काय येत नाही ते लगेच कळतं. बालभारतीची पुस्तकं त्यांच्या वेबसाइटवर फुकट आहेत, पुस्तकातले क्यूआर कोड बाबांच्या फोनवर उघडून बघ. आणि शाळेतल्या बाईंना मधल्या सुट्टीत दहा मिनिटं माग, आठवड्यातून एकदा, ठरलेल्या दिवशी, नेमका प्रश्न लिहून घेऊन जा. नुसतं "भूमिती येत नाही" म्हणालीस तर त्यांनाही कळणार नाही कुठून सुरुवात करायची.

प्रश्न : मॅडम, मी इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला आहे. शेजारच्या काकू त्यांच्या पाचवीतल्या मुलाला शिकव म्हणतायत. तो गणित म्हटलं की रडतो. मी शिक्षक नाही, मला जमेल का?
— एक विद्यार्थी, पुणे

उत्तर : जमेल, आणि हे तुला बरं वाटावं म्हणून सांगत नाही. मुंबई आणि बडोद्यात 'प्रथम' संस्थेने बालसखी नावाचा कार्यक्रम चालवला होता. वस्तीतल्याच तरुण मुली, बऱ्याचशा शालेय शिक्षण झालेल्या, थोडंसं प्रशिक्षण घेऊन तिसरी-चौथीतल्या मागे पडलेल्या १५ ते २० मुलांना वेगळं घेऊन बसायच्या, रोज दोन तास, आणि फक्त पायाभूत वाचन आणि गणित करायच्या. अभिजित बॅनर्जी आणि एस्थर डुफ्लो यांनी सहकाऱ्यांबरोबर त्याचा नीट अभ्यास केला, मुलांचे मार्क खरंच वाढले होते, आणि सगळ्यात जास्त फायदा सगळ्यात मागच्या मुलांना झाला होता. (या दोघांना पुढे २०१९ मध्ये मायकेल क्रेमर यांच्यासोबत अर्थशास्त्राचं नोबेल मिळालं.) त्या मुलींकडे डिग्री नव्हती, मूल जिथे आहे तिथून सुरू करायची मुभा होती, तेवढी तुलाही आहे.

पहिल्या दिवशी पाचवीचं पुस्तक काढूच नकोस. त्याला म्हण, चार अंकी संख्या सांग, सगळे अंक सारखे नकोत. समजा तो ३५२४ म्हणाला. अंक उतरत्या क्रमाने लावा, ५४३२, चढत्या क्रमाने २३४५, वजा करा, ३०८७. त्याचं परत तेच, ८७३० वजा ०३७८, आले ८३५२. परत, ८५३२ वजा २३५८, आले ६१७४. आता ६१७४ चं करा, ७६४१ वजा १४६७, परत ६१७४च! कुठलीही संख्या घेतली तरी जास्तीत जास्त सात पायऱ्यांत इथेच येऊन थांबते. हे शोधलं आपल्या द. रा. कापरेकरांनी १९४९ साली, देवळालीला शाळेत शिकवायचे ते, हेही त्याला सांग.

तो वजाबाक्या करत असताना तू काही बोलू नकोस, त्याच्या पेन्सिलीकडे बघ. शून्यातून हातचा घ्यायची वेळ आली की काय करतो? थांबतो, बोटं मोजतो, की उलटी वजाबाकी करून मोकळा होतो? जे दिसेल ते घरी जाऊन लिहून ठेव, दुसऱ्या दिवशी तिथूनच सुरू कर, आणि महिनाभराने मला परत पत्र लिही, काय झालं ते वाचायला मला खरंच आवडेल.