शनिवारवाड्यात लोक भुताबद्दलच विचारतात

प्रश्न : आमची संस्था शनिवारवाड्यात वारसाफेऱ्या घेते. गाइडांवर देखरेख आणि आलेल्या लोकांची सोय, दोन्ही कामं यंदापासून माझ्याकडे आली आहेत. आत पाऊल टाकताच लोक म्हणतात, "इथे तर काहीच उरलं नाही!" आणि लगेच भुताची गोष्ट विचारतात. आमची तरुण मुलंही ती रंगवून सांगतात, कारण तेवढ्यापुरते सगळे कान देऊन ऐकतात. वयस्कर मंडळी तर अर्ध्यातच दमून बसतात. मुलांचा हुरूप न मोडता हे कसं सुधारू?
— एक वाचिका, पुणे

उत्तर : ताई, भुताच्या प्रश्नाला बंदी घालू नका. विचारणारा 'काका, मला वाचवा' ऐकूनच आलेला असतो. त्याला खरी हकिगत द्या. ३० ऑगस्ट १७७३, गणेशोत्सवाचे दिवस. थकलेल्या पगारासाठी गारदी, म्हणजे भाडोत्री शिपाई, वाड्यात घुसले आणि अठरा वर्षांचा पेशवा नारायणराव चुलत्याकडे, राघोबादादांकडे, धावला. 'ध'चा 'मा' ही आख्यायिका आहे, ती आख्यायिका म्हणूनच सांगावी. पण न्यायाधीश रामशास्त्री प्रभुण्यांनी राघोबादादांना दोषी ठरवलं, हे का गाळायचं? नारायणरावांची पत्नी गंगाबाई तेव्हा गरोदर होती. १८ एप्रिल १७७४ रोजी पुरंदरावर सवाई माधवराव जन्मले. त्यांच्यासाठीच हजारी कारंजं बांधलं असं सांगतात. तिथे लोकांना थांबवा, सोळा पाकळ्या मोजू द्या. खुनाची गोष्ट ऐकून इथे आलेल्या माणसाला मग भूत आठवत नाही, हे मी अनेकदा पाहिलंय. एका कोवळ्या मुलाच्या मरणाची करमणूक होऊ नये, असं मला मनापासून वाटतं. लहान शाळकरी मुलांना मात्र खुनाचा तपशील नकोच. त्यांना दरवाजावरचे खिळे दाखवा आणि हत्ती इथे धडक का देत नसे, ते त्यांनाच ओळखू द्या.

'काहीच उरलं नाही' याला उत्तर दिल्ली दरवाजाबाहेरच द्यायला हवं. आतला लाकडी वाडा १८२८च्या आगीत गेला, आत जोती दिसतील, हे आधी सांगितलं की निराशा होत नाही. तटाकडेही बोट दाखवा : खाली दगड, वर विटा.

आता सोयीबद्दल. गाइड बोलतो तिथे सावली आहे का, हे तुम्ही उन्हाच्या वेळी स्वतः उभं राहून बघा. बारा वाजता उघड्या जोत्यावर कितीही चांगलं बोललेलं वाया जातं. पाणी आणि स्वच्छतागृह कुठे आहे, हे पहिल्या दोन मिनिटांत सांगून टाकायचं. नगारखान्याचा जिना ज्यांना झेपत नाही त्यांच्याबरोबर एक गाइड खाली थांबवा, आणि तो तुमच्यातला सर्वांत चांगला बोलणारा असू द्या. आजी-आजोबांना बाकावर बसवून सोडून देणं मला मुळीच पटत नाही.

देखरेख करताना घोळक्याच्या शेवटी चाला. रस्त्याच्या गोंगाटात मागच्या माणसाला किती ऐकू येतं, ते तिथेच कळतं. चूक लोकांसमोर कधीही दुरुस्त करू नका. फेरी संपल्यावर बाजूला घेऊन सांगा, तेही एका वेळी एकच.

आणखी एक. डिसेंबरमध्ये शाळांच्या सहली सुरू होण्याआधी एक सकाळ फेऱ्या बंद ठेवून सगळ्या गाइडांना विश्रामबागवाड्यात घेऊन जा. दुसऱ्या बाजीरावांनी बांधलेला हा वाडा उभा आहे. तिथले सुरूच्या झाडाच्या आकाराचे खांब, सज्जाचं कोरीवकाम गाइडांना हात न लावता पण अगदी जवळून बघू द्या. ज्यांनी पेशवाईतला लाकडी वाडा पाहिलाच नाही, ते शनिवारवाड्याच्या जोत्यावर लोकांना काय दाखवणार?