सही करू नका, आधी आय-९४ ची तारीख बघा

एका ताईंनी अमेरिकेतल्या जॉर्जिया राज्यातून लिहिलंय. मिस्टर २०१४ साली एच-वन-बी या नोकरीच्या व्हिसावर आले, कंपनीने ग्रीन कार्डसाठी भरलेला आय-१४० अर्ज अप्रूव्ह होऊन ग्रीन कार्डच्या रांगेत होते, मग ले-ऑफ झाला, साठ दिवसांचा ग्रेस गेला, दुसरी नोकरी काही लागली नाही आणि आय-९४, म्हणजे अमेरिकेत कुठल्या तारखेपर्यंत राहता येतं ती नोंद, संपून आता नऊ महिने झालेत. तिथे लायसन्सची मुदत कायदेशीर मुक्कामाच्या मुदतीला बांधलेली असते त्यामुळे तेही संपलेलं, गाडीचा मागचा दिवा गेला म्हणून पोलिसांनी थांबवलं, मग काउंटी जेल, तिथून आईस म्हणजे फेडरल इमिग्रेशन खात्याच्या ताब्यात, आणि आज अकरा दिवस ते डिटेन्शन सेंटरमध्ये आहेत. डायबेटिस आहे, गोळ्या वेळेवर मिळत नाहीत, शाकाहारी असल्यामुळे अर्धपोटी राहतात, आणि परवा फोनवर म्हणाले की मी सही करून टाकतो, मला नाही इथे राहवत. ताईंचं स्वतःचं एच-फोर, म्हणजे जोडीदाराचं स्टेटस, तेही त्याच दिवशी संपलंय, मुलगी सात वर्षांची, अमेरिकेत जन्मलेली. एक कन्सल्टंट आठ हजार डॉलर द्या, आठवड्यात बाहेर काढतो म्हणतोय, आणि ओळखीचे सांगतायत की बाँड, म्हणजे पैसे भरून केस चालू असताना सुटका, आता कुणालाच मिळत नाही. ताई विचारतात, काय करू, आणि या सेंटरवर केस करता येते का?

ताई, आधी त्या सहीचं बोलते, कारण बाकी सगळं नंतर करता येईल पण ती सही पुसता येत नाही. त्यांच्यापुढे जो कागद ठेवतील तो बहुतेक दोनपैकी एक असतो. एक म्हणजे स्टिप्युलेटेड रिमूव्हल, म्हणजे जजसमोर न जाताच डिपोर्टेशनची ऑर्डर मान्य करायची, त्याने अमेरिकेत परत यायला साधारण दहा वर्षांची बंदी लागते. दुसरा व्हॉलंटरी डिपार्चर, म्हणजे ऑर्डर न घेता आपल्या खर्चाने निघून जायचं. तिथला माणूस दोन्हीला "घरी जायचा कागद" म्हणतो आणि अकरा दिवस धड झोप नसलेल्या माणसाला फरक कळत नाही. मिस्टरांना फोनवर एवढंच सांगा की वकिलाशी बोलल्याशिवाय मी काहीच सही करणार नाही, हे वाक्य तिथे म्हणायचं आणि गप्प बसायचं. आणि फोन रेकॉर्ड होतात, केसमधलं बाकी काही त्यावर बोलू नका.

आता तारीख. तुमच्या केसमधली सगळ्यात महत्त्वाची गोष्ट ही आहे आणि मला वाटतं तुम्हाला ती अजून कुणी सांगितलेली नाही. आय-९४ संपल्यापासून बेकायदा मुक्कामाचे दिवस मोजले जातात आणि डिटेन्शनमध्ये असले, कोर्टात केस चालू असली तरी ते घड्याळ थांबत नाही. १८० दिवसांच्या वर राहून गेलं की परत यायला तीन वर्षांची बंदी, आणि ते १८० दिवस तर केव्हाच उलटून गेले. पण वर्षाच्या आत, कोर्टाची प्रोसीडिंग सुरू झाल्यानंतर जर ते व्हॉलंटरी डिपार्चर घेऊन गेले, तर तीन वर्षांची बंदी लागत नाही, कारण कायद्याच्या भाषेत ती बंदी प्रोसीडिंग सुरू व्हायच्या आधी निघून जाणाऱ्यांना आहे. आणि ३६५ दिवस भरल्यावर गेले तर मात्र जाण्यानेच दहा वर्षांची बंदी, मग व्हॉलंटरी असो नाहीतर नसो. म्हणजे तुमच्याकडे तीनेक महिने आहेत. कॅलेंडरवर आय-९४ च्या तारखेला वर्ष पूर्ण होतं त्या दिवसाला लाल गोल करा आणि जो वकील घ्याल त्याला पहिल्या मिनिटाला तो दिवस सांगा. जज व्हॉलंटरी डिपार्चर देतो तेव्हा त्याने दिलेली मुदत या हिशेबात धरत नाहीत, पण त्यावर विसंबून शेवटच्या आठवड्यापर्यंत थांबू नका. आय-१४० ची प्रायोरिटी डेट, म्हणजे ग्रीन कार्डच्या रांगेतली जागा, ते गेले तरी त्यांचीच राहते, त्यामुळे वर्षाच्या आत बाहेर पडलेला माणूस पुढे कायदेशीर रस्त्याने परत यायची आशा ठेवू शकतो. तेही सोपं नाही, सप्टेंबर २०२५ च्या घोषणेने बाहेरून येणाऱ्या नव्या एच-वन-बीवर सुरुवातीला वर्षभरासाठी एक लाख डॉलर लावले. तरी दहा वर्षांची बंदी डोक्यावर असण्यापेक्षा ते बरं.

म्हणून मी "काही झालं तरी जाऊ नका" असं म्हणत नाही. जाणं हाही एक निर्णय असू शकतो, पण तो हिशेब करून घेतलेला असावा, थकून घेतलेला नको. मी या सेंटरांमध्ये किती वर्षं जाते, माणसं कायद्यापुढे हरून सही करतात असं फार कमी पाहिलंय, रात्रभर चालू असलेला लाइट, थंडी, बेचव जेवण, दर फोनला कमी होणारे पैसे यांनीच ती सही होते. त्यामुळे जेवण आणि गोळ्यांचा प्रश्न तुमच्या केसहून वेगळा समजू नका.

राहायचं ठरलं तर एक दरवाजा आहे, कॅन्सलेशन ऑफ रिमूव्हल, म्हणजे जजकडून डिपोर्टेशन रद्द करून घेणं. दहा वर्षं सलग मुक्काम लागतो, ती दहा वर्षं एनटीए म्हणजे कोर्टाची नोटीस हातात पडेपर्यंत मोजतात, एच-वन-बीवरची वर्षंही त्यात धरतात. पण एखादी भारतवारी ९० दिवसांपेक्षा मोठी झाली असेल किंवा सगळ्या मिळून १८० दिवसांच्या वर गेल्या असतील तर सलगता तुटते, तेव्हा आज रात्री पासपोर्ट काढून २०१४ पासूनचे शिक्के मोजा, आजारपणात नाहीतर लग्नकार्यात लांबलेली एखादी वारी असतेच. शिवाय मुलीला असाधारण, नेहमीच्या पलीकडचा त्रास होईल हे दाखवावं लागतं, बाबा जवळ नसणं एवढं पुरत नाही. मुलीला काही आजार, थेरपी, शाळेत स्पेशल मदत असेल तर तिचा प्रत्येक कागद काढा. खोटी आशा दाखवत नाही, ही कसोटी कठीण आहे. पण असा अर्ज करण्याजोगा आहे एवढं दिसलं तरी बाँडच्या वेळी जजला वाटतं की हा माणूस पळून जाणार नाही.

बाँड कुणालाच नाही, हे अर्धं खरं आहे. सप्टेंबर २०२५ मध्ये बोर्ड ऑफ इमिग्रेशन अपील्सने, म्हणजे इमिग्रेशन जजेसच्या वरच्या अपील मंडळाने, यहूरे उर्तादो प्रकरणात असं ठरवलं की जे तपासणीशिवाय सीमा ओलांडून आले त्यांना इमिग्रेशन जज बाँड देऊच शकत नाही, आणि त्यावरून देशभर फेडरल कोर्टांत शेकडो केसेस झाल्या, बऱ्याच जजेसनी तो निर्णय चुकीचा धरला तर काहींनी सरकारची बाजू उचलली. पण तुमचे मिस्टर व्हिसावर, एअरपोर्टवर शिक्का मारून आले. त्यांना तो निर्णय लागू नाही. वकिलाने ताबडतोब बाँड हिअरिंग मागायचं, जज दोन गोष्टी बघतो, माणूस धोकादायक आहे का आणि तारखांना येईल का. भाडेकरार, टॅक्सचे कागद, आय-१४० ची अप्रूव्हल नोटीस, मुलीचा जन्मदाखला, शाळेचं पत्र, ओळखीच्या लोकांची पत्रं, डॉक्टरांची चिठ्ठी आणि त्या लायसन्सच्या केसचं कोर्टात काय झालं त्याचा कागद, हे सगळं लागेल. लायसन्सची केस तशीच लोंबकळत ठेवू नका, जॉर्जियात २०२४ च्या कायद्याने काउंटी जेलांना स्टेटस तपासून आईसला कळवावंच लागतं, तुमच्या बाबतीत तेच झालं, आता निदान तो धागा बंद करा.

बाँड कमीत कमी १,५०० डॉलर, प्रत्यक्षात पाच-दहा हजारांच्या घरात सहज जातो. पूर्ण रक्कम एकदम, ऑनलाइन भरावी लागते आणि भरणारा सिटिझन किंवा ग्रीन कार्डवाला लागतो, तुम्ही नाही भरू शकत. मिस्टर सगळ्या तारखांना हजर राहिले तर केस संपल्यावर पैसे थोड्या व्याजासह परत येतात, पण ज्याच्या नावाने भरले त्याच्याकडे येतात, तेव्हा मित्राशी साध्या कागदावर का होईना लिहून ठेवा. बाँड कंपनीकडून घेतलात तर तिची फी गेलीच. आणि बाँड मिळाल्यावर सरकार एका कामकाजाच्या दिवसात एक फॉर्म टाकून सुटका अडवू शकतं, तसं झालं तर खचू नका, अनेक फेडरल जजेसनी ही पद्धत घटनाबाह्य ठरवलीये, तिथे हेबियस कॉर्पस, म्हणजे हे कोंडून ठेवणं बेकायदा आहे असा अर्ज, लागतो.

हेबियस फेडरल डिस्ट्रिक्ट कोर्टात करायचा, फाइलिंग फी फक्त ५ डॉलर, वकिलाचा खर्च अर्थात वेगळा. पण माणूस ज्या डिस्ट्रिक्टमध्ये कोंडलाय तिथेच करावा लागतो, लंपकिनच्या स्टीवर्ट सेंटरमध्ये असेल तर जॉर्जियाचं मिडल डिस्ट्रिक्ट, फोक्सटनच्या सेंटरला असेल तर सदर्न. रात्रीतून लुइझियाना किंवा टेक्सासला हलवलं की कोर्टही बदलतं, मात्र पिटिशन आधी दाखल झालेलं असेल तर पहिल्या कोर्टाचा अधिकार राहतो. म्हणून आईसच्या ऑनलाइन लोकेटरवर ए-नंबर (इमिग्रेशन खात्याने दिलेला ओळख क्रमांक) आणि जन्मदेश टाकून रोज सकाळी बघा, आणि स्क्रीनचा फोटो काढून ठेवा.

आता डायबेटिस. आईसच्या स्वतःच्या नियमात आहे की आल्यापासून १२ तासांत मेडिकल स्क्रीनिंग आणि १४ दिवसांत पूर्ण तपासणी व्हायला हवी. अकरा दिवस झालेत, म्हणजे तीन दिवसांत ती तपासणी झाली नाही तर नियम मोडला. मिस्टरांनी प्रत्येक वेळी सिक कॉलचा, म्हणजे डॉक्टरांना दाखवायचा, अर्ज लेखी द्यायचा, तोंडी सांगितलेलं कुठेच राहत नाही. जेवणासाठी धर्माचं कारण देऊन शाकाहारी डाएटचा लेखी अर्ज, तोही मिळतो. तुम्ही इकडून डॉक्टरांचं पत्र, औषधांची यादी आणि शेवटचा एचबीएवनसी हा शुगरचा रिपोर्ट सेंटरला, वकिलाला आणि तुमच्या काँग्रेसमनच्या ऑफिसला पाठवा, काँग्रेसवाले मिस्टरांच्या सहीचा प्रायव्हसी रिलीज मागतात, ही एक सही मात्र जरूर करायची. माझा एक क्लायंट होता, सेंटरचं नाव नको, काचेच्या पलीकडे हँडसेट धरून बसलेला, आवाज नीट येईना तर त्याने कमिसरीच्या, म्हणजे आतल्या दुकानाच्या, पावतीची मागची बाजू काचेला लावली. पेन्सिलने बारीक अक्षरात तारीख, वेळ, शुगर किती, गोळी दिली की नाही, असं एकोणीस दिवसांचं. मी काचेवरूनच ते सगळं उतरवून घेतलं आणि तोच आमचा एक्झिबिट झाला, जजने तो दोनदा मागून पाहिला. मिस्टरांना आजपासून हेच करायला सांगा.

सेंटरवर केस होते का, होते, पण ती वेगळ्या रुळावरची गाडी आहे, तिने ते बाहेर येणार नाहीत. शिकागोजवळच्या ब्रॉडव्ह्यूला नोव्हेंबर २०२५ मध्ये फेडरल जजने साबण, अंथरूण, तीन वेळचं जेवण, पिण्याचं पाणी यासाठी ऑर्डर काढली. वॉशिंग्टन राज्यातल्या टॅकोमाच्या सेंटरमध्ये दिवसाला एक डॉलरवर काम करून घेतलं म्हणून २०२१ मध्ये ज्युरीने ते चालवणाऱ्या जीईओ ग्रुप या खासगी कंपनीला कोंडलेल्या माणसांसाठी १.७३ कोटी डॉलर द्यायला लावले, अपील कोर्टाने २०२५ मध्ये ते कायम ठेवलं. तुमच्याच अकराव्या सर्किटने, म्हणजे जॉर्जियावरच्या फेडरल अपील कोर्टाने, २०२० मध्ये स्टीवर्टच्या केसमध्ये सांगितलं की सक्तीच्या मजुरीविरुद्धचा फेडरल कायदा अशा खासगी कंपन्यांनाही लागू आहे. मिस्टरांच्या तब्येतीला खरंच इजा झाली तर जॉर्जियात साधारण दोन वर्षांत दावा लावावा लागतो, ती मुदत लक्षात ठेवा, पुरावा आत्तापासून जपा आणि आज सगळा जोर सुटकेवर लावा. एक गोष्ट मला स्वस्थ बसू देत नाही ती म्हणजे एका माणसाला असं ठेवायला सरकारला दिवसाला दीडशे डॉलरहून जास्त लागतात, घरी ठेवून मोबाइल अ‍ॅप किंवा पायातल्या पट्ट्याने लक्ष ठेवायला पाचाच्याही आत, आणि तरी जुलै २०२५ च्या कायद्याने डिटेन्शनसाठी ४,५०० कोटी डॉलर दिले. इकडे तुम्ही फोनच्या मिनिटांचे पैसे भरताय.

तो आठ हजारवाला. सोडून द्या. आठवड्यात सुटकेची गॅरंटी कुठलाही खरा वकील देत नाही. बार लायसन्स नंबर मागा आणि त्या राज्याच्या बारच्या साइटवर स्वतः तपासा, इमिग्रेशन कोर्टात कुठल्याही राज्याचं लायसन्स चालतं. डिटेन्शन कायद्याने सिव्हिल मानतात म्हणून सरकारी खर्चाने वकील मिळत नाही, पण कोर्टाकडे फुकट मदत करणाऱ्या संस्थांची यादी असते आणि त्या नंबरांना सेंटरमधून फुकट फोन लागतो. अटलांटाच्या भारतीय कॉन्सुलेटलाही कळवा. भारतीयांच्या बाबतीत आईस आपणहून कळवायला बांधील नाही, मिस्टरांनी "मला कॉन्सुलेटला कळवायचंय" असं मागावं लागतं.

आणि ताई, तुम्ही भेटायला जाऊ नका. मला कळतंय हे किती अवघड आहे, पण तिथे आयडी तपासतात आणि तुमचं स्टेटस संपलंय, तुम्हीही आत गेलात तर मुलगी कुणाकडे? मुलीला घेऊन एखादी सिटिझन मैत्रीण जाऊ शकते. गाडी चालवू नका. मुलीसाठी विश्वासातल्या माणसाच्या नावे पॉवर ऑफ अटर्नी करा, शाळेत त्यांचं नाव द्या, तिचा पासपोर्ट हाताशी ठेवा. तुमचं ३६५ दिवसांचं घड्याळही त्याच दिवशी सुरू झालंय, पण तीन वर्षांच्या बंदीतून जी सूट मिस्टरांना आहे ती तुम्हाला नाही, कारण तुमच्यावर प्रोसीडिंग नाहीत, तेव्हा वकिलाकडे स्वतःचीही फाइल वेगळी उघडा.

आज फोन आला की आधी विचारा शुगर किती, मग सहीचं ते वाक्य त्यांच्याकडून म्हणवून घ्या, मग ए-नंबर आणि एनटीएवरची तारीख लिहून घ्या. पासपोर्टच्या शिक्क्यांचे आणि त्या नोटिशीचे फोटो मला पाठवा, दहा वर्षांचा हिशेब मी करून देते.