फाटकापलीकडची शिकार

प्रश्न : अमेरिकेतल्या कोलोरॅडोच्या नॅशनल फॉरेस्टमध्ये (सरकारी जंगलात) एल्क या मोठ्या हरणाच्या शिकारीला जाते. फाटक लावलेल्या जुन्या जंगलरस्त्याने आत सायकल नेली तर चालेल का?

उत्तर : मोटारींना बंद असलेला रस्ता बऱ्याचदा सायकलला खुला असतो; तरी पाटी वाचाच. ‘विल्डरनेस’ची, म्हणजे कायद्याने राखलेल्या रानाची हद्द लागली की सायकल बाहेर, १९६४चा कायदा तसाच आहे. ई-सायकल नॅशनल फॉरेस्टमध्ये मोटारीतच धरतात. टायर चार इंच रुंद, हवेचा दाब ८-१० पीएसआय (दाबाचं माप). जास्त भरलीत तर खडीवर चाक उडतं. खरी परीक्षा परतीची. एल्कची मागची तंगडी हाडासकट २५-३० किलो भरते. ती पाठीवर घेऊन उतार उतरू नका, तोल जातो. सायकलीमागे एकचाकी ट्रेलर जोडा, खेपेला एकच तंगडी. ब्रेक सलग दाबून धरलात की डिस्क तापते, पकड सुटते. मध्ये थांबून गार होऊ द्या.